बाईसाहेब बदाम खात नाहीत

माझ्या मामाचं नाक गेलं ते तापात. म्हणजे नाक होतं जागेवर, चांगलं लांब, टोकाशी लालसर, चष्मा पेलणारं. गेला तो वास. ताप उतरला, अंगातली कणकण गेली, भूक परत आली, वास मात्र आला नाही. दुसऱ्या कोणाचं असं झालं असतं तर घरच्यांनी थोडे दिवस हळहळ केली असती आणि उघड्या गटाराशेजारून जाताना त्याचा हेवाही केला असता. मामाचं तसं नव्हतं. मामा सुक्या मेव्याच्या दुकानात भट्टीवर होता. बदाम, काजू, पिस्ते, अक्रोड, शेंगदाणे भाजायचे, हेच त्याचं उभ्या आयुष्याचं काम. आणि ते काम हातांनी होत नाही, नाकानं होतं.

वास गेल्याचं त्यानं कोणालाच सांगितलं नाही. मालकांना नाही, मामीला नाही, मला तर नाहीच. पुढचं नीट कळावं म्हणून मी आधीच सांगून टाकतेय. आम्हाला कळलं तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुकान तसं लांबोडकं. पुढे काउंटर आणि काचेच्या बरण्या. मग कमरेएवढी भिंत, तिच्यावरून गिऱ्हाइकांना भट्टी दिसते. सगळ्यात मागे निवडायची खोली, तिथं दोघी-तिघी बायका पाटावर बसून किडके, फुटके, खवट दाणे वेगळे काढत असतात. भट्टी म्हणजे आडवा लोखंडी ढोल, खाली गॅस, बाजूला एक छोटं दार. ढोल फिरत राहतो, भाजणारा मधूनमधून लांब दांड्याची पळी आत घालून चार दाणे काढतो, फुंकतो, नाकाशी नेतो. आधी कच्चा, ओल्या लाकडासारखा वास येतो. मग बराच वेळ काहीच नाही. मग एकदम खमंग सुटतो आणि त्यानंतर हातात मोजकेच श्वास असतात. त्यात ढोल उपडा केला तर घाणा साधला. नाहीतर करपला.

ताप येऊन गेल्यावर मामा दाणा फोडून आतला रंग बघायला लागला. रंगावरून भाजणं कसंबसं जमत होतं. पण माल खवट आहे की ताजा, हे रंगावरून कळत नाही. खवट बदाम दिसायला अगदी सज्जन असतो. आणि वास गेला की जिभेलाही फक्त खारट-गोड एवढंच उरतं, बाकी सगळा भुसा.

तेव्हा कामी आल्या बाईसाहेब.

बाईसाहेब म्हणजे मामाची कुत्री. मांजराहून थोडी मोठी, पाय आखूड, अंगावर चहाच्या रंगाचे केस, एक कान उभा आणि दुसरा कायम विचारात पडलेला. शेजारचं एक कुटुंब गाव सोडून जाताना ‘महिनाभर ठेवा हो’ म्हणून देऊन गेलं होतं. तो महिना काही संपला नाही. मामाला मूलबाळ नाही. मामीनं पहिल्या दिवशी नाक मुरडलं, दुसऱ्या दिवशी जुन्या चादरीचं अंथरूण केलं.

वास गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी मामाच्या हातून दोन दाणे खाली पडले. एक चांगल्या घाण्यातला, एक मागच्या खोलीत काढून टाकलेल्यांपैकी. कुत्रीनं पहिला कुडुम् कुडुम् करून खाल्ला. दुसरा हुंगला, मान फिरवली, वर शिंकली. मामानं पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. त्या दिवसापासून ती त्याच्याबरोबर दुकानात जायला लागली. घाणा निघाला की मामा एक दाणा फुंकून गार करायचा आणि तिच्यापुढे धरायचा.

“बाईसाहेब, काय हुकूम?”

बाईसाहेब खायच्या.

“पास!” मामा भिंतीवरून पुढे ओरडायचा. “मालक, बाईसाहेबांनी पास केला हो घाणा.”

मालक तरुण होते, माणूस म्हणून चांगले. मामाला काका म्हणायचे. त्यांना यात धंदा दिसला आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. लोक बघायला थांबायचे. पोरं आईचा हात ओढायची. “ती कुत्री कुठंय? आज नापास केलं का काही?” क्वचित एखादा घाणा नापास व्हायचा, मामा सगळ्यांसमोर तो बाजूला काढायचा आणि गिऱ्हाईक अशा कौतुकानं बघायचं की जणू न्यायनिवाडा झाला. मग तेही जाता जाता आपल्या पुडीतला एक काजू तिच्यापुढे टाकायचं. खारा, मसाल्याचा, काय असेल तो.

मामाला वाटलं, जमलं आपलं. एवढं लपवून एवढं छान जमलं!

मी दुपारी माझा आणि मामाचा असे दोन डबे घेऊन दुकानात जायची. माझं काम जवळच होतं आणि राहायला मी मामाकडेच. डबा उघडला की मामा पहिला घास खायचा आणि म्हणायचा, “वा! काय वास सुटलाय!” आता आठवलं की अंगावर काटा येतो. एकदा तर तो असं म्हणाला तेव्हा डब्यात नुसते उकडलेले बटाटे होते.

घरी मामीचं वेगळंच.

“काय हो, मी पण माणूस आहे. कधी मला नाही विचारलंत, बाईसाहेब काय हुकूम म्हणून.”

“तुझा हुकूम विचारायला लागतो का? तू न विचारता सोडतेस.”

“बघ गं बघ, तुझा मामा! त्या कुत्रीपुढे वाकतो कसा, आणि माझ्यापुढे चप्पलसुद्धा जागेवर काढत नाही.”

“ती पाच किलोची आहे. तुझ्यापुढे वाकलो तर उठायचं कसं?”

मामी लाटणं उगारायची, बाईसाहेब भुंकायच्या, नेमक्या कोणाच्या बाजूनं ते कधीच कळलं नाही. असं घर होतं ते. हसतं होतं, एवढंच सांगायचंय.

हळूहळू बाईसाहेब गोल झाल्या. आधी सगळ्यांना गंमत वाटली. पोट जमिनीला लागायला आलं तेव्हा मामी म्हणाली, “हिला घरचं देऊ नका काही. दुकानातच भरून येते.” मग बाईसाहेबांनी एक नवीनच खूळ काढलं. पुढचे दोन्ही पाय लांब पसरायच्या, छाती जमिनीला टेकवायच्या आणि मागचा भाग वर ठेवून तशाच थांबायच्या. बराच वेळ.

“अगंबाई, मुजरा करायला शिकली!” मामी म्हणाली.

दुकानातसुद्धा त्यांनी मुजरा केला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी बक्षीस म्हणून अख्खा अक्रोड दिला. मीही हसले होते. मी तर तसं करूनही दाखवलं होतं सगळ्यांना, हात पसरून.

मग नव्या बदामांची पोती आली.

पहिला घाणा निघाला. मामानं दाणा पुढे धरला. बाईसाहेबांनी हुंगला आणि मान फिरवली.

“नापास,” मामा हळूच म्हणाला. दुसरं पोतं फोडलं. दुसरा घाणा. पुन्हा मान फिरवली. तिसऱ्याला तर त्या उठून भट्टीच्या मागे जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. मामानं काजू भाजले, ते नको. शेंगदाणे भाजले, ते नको. आता दुसऱ्या कोणाच्या लगेच डोक्यात आलं असतं की जी वर्षभर सगळं खात होती ती एकदम काहीच खात नाही, तर बघावं तिच्याकडे. मामाच्या नाही आलं. का, तर त्याच्या लेखी ती कुत्री उरलीच नव्हती. ती त्याचं नाक होती. नाक आजारी पडतं, हे त्याला माहीत असायला हवं होतं खरं तर.

त्यानं समजूत करून घेतली की गोदामात दमट हवा लागली, सगळाच माल उतरला. तो घाबरला. एखादं तरी पोतं चांगलं निघावं म्हणून तो तिच्या मागे मागे फिरायला लागला. “हा खाऊन बघ. बरं, हा? एक घे ना गं. माझ्यासाठी.” तिनं दोन-तीन वेळा घेतलासुद्धा, मामाचं मन मोडवेना म्हणून घ्यावा तसा. आणि पोत्यांच्या मागे जाऊन ओकली. मामानं ती ओकारी बघितली आणि त्याची खात्रीच पटली. हे बदाम विष आहेत.

त्यानं मालकांना सांगितलं. मालकांनी बदामांच्या व्यापाऱ्याला बोलावलं.

मी डबे घेऊन पोचले तेव्हा भांडण रंगात आलं होतं. व्यापारी म्हणजे पोट आधी आणि माणूस मागून, असा. पांढरा शर्ट, कपाळावर घाम.

“खवट? माझा माल खवट?” त्यानं मूठभर दाणे तोंडात कोंबले. “हा बघा. हा बघा खातो. लोणी आहे लोणी! मालक, तुम्ही खा.”

मालकांनी खाल्ला. “काका, मला तर बरा वाटतोय.”

“तुम्हाला वाटेल,” मामा म्हणाला. ढोल त्याच्या पाठीशी फिरत होता. “तुमची जीभ तयार नाही. मी तीस वर्षं काढलीयत इथं. दोन दिवस झाले, प्रत्येक घाणा नापास.”

“कोणी केला नापास? तुम्ही की त्या केसाळ बाईनं?” व्यापाऱ्यानं भट्टीमागं बोट दाखवलं.

“तिचं नाक तुमच्या सात पिढ्यांपेक्षा चांगलं आहे.”

“अहो माझा माल कुत्र्याला विचारून घेणार होतात तर मला पैसे तरी हाडांत द्यायचे!”

पुढे उभी असलेली गिऱ्हाइकं हसली. मालकसुद्धा जरासे हसले. मामा नाही हसला. आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून तिखट मावशी पदरानं नाक दाबत बाहेर आली. निवडणाऱ्या बायकांमधली ती सगळ्यात जुनी, तोंडानं फटकळ म्हणून सगळे तिखट मावशी म्हणायचे.

“अहो भट्टीवाले! करपतंय ना!”

आत्तापर्यंत आम्हा सगळ्यांच्याच नाकात तो वास शिरला होता. कडू, घशाला लागणारा. व्यापाऱ्यानं तोंडावर हात धरला होता. पुढचं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं होतं. ढोलापासून हातभर अंतरावर उभा होता तो एकटा मामा, आणि तो आमच्याकडे बघत होता. एकेकाच्या तोंडाकडे. काय झालं या सगळ्यांना, असं.

मग तो वळला. घाईघाईनं ढोल उपडा केला. परातीत काळे दाणे पडले आणि आता कुठे धूर दिसायला लागला.

मालक उठले, मागच्या खोलीत गेले, परत आले. तळहातावर एक बदाम होता.

“काका, हा खाऊन बघा.”

मामानं बदाम तोंडात टाकला. हळूहळू चावला. चावताना त्याचे डोळे मालकांच्या चेहऱ्यावर होते, परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावावं तसे. मालकांनी चेहरा अगदी कोरा ठेवला होता.

“कसा आहे?”

“हा…” मामा म्हणाला. “हा चांगला आहे.”

“मावशींच्या डब्यातला आहे, काका. काढून टाकलेल्यांतला.”

तिखट मावशीनं पदर नाकावरच धरून ठेवला. व्यापाऱ्यानंसुद्धा मान खाली घातली, हे त्याला शोभलं.

“कधीपासून?” मालकांनी विचारलं.

“तापानंतर.”

“अहो, तापाला वर्ष झालं!”

मामा पोत्यावर बसला. मला वाटलं आता तो रडेल, किंवा हात जोडेल, किंवा काहीतरी सारवासारव करेल. तो नुसता परातीकडे बघत होता. त्याच्या कपाळावर एक आठी पडली, मग दुसरी. मग तो अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाला,

“थांबा. माल चांगला आहे?”

“मग मी काय मघापासून ओरडतोय!” व्यापारी म्हणाला.

“म्हणजे सगळाच चांगला होता? काजूसुद्धा? शेंगदाणेसुद्धा?”

“हो हो, सगळाच!”

“मग ती का खात नाहीये?”

तो उठून भट्टीमागे गेला. बाईसाहेब तिथं त्यांच्या त्या मुजऱ्यात होत्या. छाती जमिनीला, मागचा भाग वर, सगळं अंग थरथरत. मामानं पोटाखाली हात घातला आणि ती किंचाळली. कुत्र्यासारखी नाही. मी तसा आवाज पुन्हा ऐकलेला नाही.

डॉक्टरबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून. मामा तिला एप्रनमध्ये गुंडाळून धावत निघाला, मी डबे तसेच हातात घेऊन मागे. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी पोट चाचपलं, हिरड्या बघितल्या, सुई टोचली, नळी लावली. मग मामाकडे वळल्या.

“काय खाते?”

“बदाम. काजू. सगळंच, मी मेवा भाजतो.”

“रोज?”

“प्रत्येक घाण्याला एक.”

“किती घाणे होतात दिवसाला?”

मामानं सांगितलं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

“तुम्ही हिच्या वजनाचा विचार केलाय का कधी? तुम्ही रोज पोतंभर बदाम खाल्ल्यासारखं आहे हे. शेंगदाणा, काजू, बिनमिठाचा, कधीतरी एखादा, त्यानं कुत्रं मरत नाही. पण रोज? यात नुसतं तेल असतं. एवढ्याशा जिवाला ते पचत नाही. स्वादुपिंड सुजतं. मग ते अन्न पचवायचं सोडून स्वतःलाच पचवायला लागतं. समजतंय?”

“हो.”

“बदाम तर कुत्री नीट चावतसुद्धा नाहीत. छोट्या कुत्र्याच्या आतड्यात अख्खा अडकून बसतो. अक्रोड दिलात?”

“दिला.”

“बुरशी आलेला असला तर झटके येतात. खारवलेलं?”

“लोक द्यायचे.”

“मॅकाडेमिया? गोल असतो, फिकट, महाग.”

“तो आमच्याकडे येत नाही.”

“नशीब. त्यानं मागचे पाय जातात.” त्यांनी नळीचा थेंब सारखा केला. “ते पाय पसरून उभं राहणं कधीपासून?”

मी मामाकडे बघितलं. मामानं माझ्याकडे.

“आम्हाला वाटलं, ती मुजरा करतेय,” मी म्हणाले.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. “पोटात दुखलं की करतात तसं. आणि खाणं कधी बंद केलं?”

“परवा,” मामा म्हणाला.

“परवाच का नाही आणलीत?”

याचं उत्तर मामाला देता आलं असतं. पूर्ण, खरं उत्तर होतं त्याच्याकडे. पण ते सांगायचं तर कुठून सुरुवात करणार? तो नुसता नळीतल्या थेंबांकडे बघत राहिला.

मामी आली ती तिखट मावशीकडून सगळं ऐकूनच. दवाखान्याच्या बाकावर मामाच्या शेजारी बसली. पिशवी मांडीवर. बराच वेळ दोघं समोरच्या भिंतीवरचं मांजराचं चित्र बघत होते.

“वर्षभर,” मामी म्हणाली.

मामानं मान हलवली.

“वर्षभर तुम्ही माझ्या स्वयंपाकाचा वास घेत होतात. काय वास सुटलाय म्हणत होतात. ही पोर सांगायची मला घरी येऊन. मी आपली खूश.”

“चव लागायची थोडी.”

“खोटं बोलू नका. आता तरी नका बोलू.” तिनं पिशवीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. “एक जीभ मला पण आहे हो. दुकानात आले असते मी. रोज आले असते. कुत्रीला सांगता आलं तुम्हाला, मला नाही?”

“तिला सांगावं लागलं नाही.”

“मला सांगितलं असतंत तर काय झालं असतं?”

मामानं हातातल्या एप्रनची घडी घातली. मग म्हणाला, “तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.”

मामी उठून बाहेर गेली. खिडकीतून दिसत होती. रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या फळीला टेकून, पदराचा बोळा तोंडाला लावून.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी बाईसाहेबांना घरी नेऊ दिलं. “नळीनं जेवढं होणार तेवढं केलंय. आता तिनं स्वतःहून काही खाल्लं तर आशा धरता येईल. उकडलेली कोंबडी, बिनतेलाची, चिमूटभर. सकाळी परत आणा.” आशा हा शब्द त्यांनी एखादी जड वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यावी तसा उच्चारला.

मामीनं कोंबडी उकडली. शेजारणीकडून आणलेली होती. मामानं वाटी हातात घेतली आणि तसाच थांबला. त्याला ती नाकाशी न्यायची होती. हात अर्ध्यात अडला. मामीनं ते बघितलं. वाटी घेतली, एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, चावला, गिळला.

“ताजी आहे,” ती म्हणाली. “द्या.”

मामा जमिनीवर बसला. बाईसाहेब चादरीवर आडव्या. त्यानं तुकडा पुढे केला. तो काही बोलला नाही. बोलायची सवय झालेलं ते वाक्य ओठांपर्यंत आलं असणार, पण त्यानं ते गिळलं. बाईसाहेबांनी डोळे उघडले. तुकड्याकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. शेपटीचं टोक एकदा हललं. मग तिनं मान फिरवली.

“जरा वेळानं बघू,” मामी म्हणाली.

जरा वेळानं बघितलं. त्यानंतरही बघितलं. मामाचा हात तसाच पुढे होता. तुकडा त्याच्या बोटांत वाळून गेला.

“ठेवा आता तो खाली.”

“खाईल ती.”

“अहो, ठेवा.”

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ती गेली. चादरीवरच. मामीनं चादरीसकट उचलली. किती हलकी आहे गं, असं काहीतरी ती म्हणाली. वाढलेल्या पोटामुळे आम्हाला सगळ्यांना ती जड वाटायला लागली होती.

मालकांनी मामाला काढलं नाही. कोणी म्हणेल, हे खूप झालं. भट्टीवर दुसरा माणूस आला, चांगलं नाक असलेला, आणि मामाला पुढे काउंटरवर उभं केलं. पुड्या बांधायच्या, वजन करायचं. मामी पहिल्या दिवशी माझ्याबरोबर दुकानात आली. म्हणाली, मी चाखत जाईन, त्यांना भट्टीवरच राहू द्या. मालक अवघडले. म्हणाले, “काकू, तुमचं खरं आहे, पण आता गिऱ्हाईक काय म्हणेल?” गिऱ्हाईक म्हणतच होतं. ज्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच आता पुडी हुंगून घ्यायचे. “वर्षभर कुत्र्याच्या भरवशावर खायला घातलंत होय आम्हाला?” मामा वजन करायचा. खाली बघायचा.

मग एक दिवस दुपारी एक बाई आली. तिच्या हातात पिशवीसारखं धरलेलं एक छोटंसं पिल्लू, पांढरं, डोळ्यांवर झिपऱ्या. तिनं पाव किलो काजू घेतले, एक काढला आणि मामाला विचारलं,

“काका, हिला चालतो ना हो काजू?”

मी डबा घेऊन बाजूलाच उभी होते. मामानं तराजूचं भांडं खाली ठेवलं.

“नका देऊ.”

“का? खराब आहेत?”

“नाही. चांगले आहेत. पण नका देऊ. तेल असतं. लहान कुत्र्याच्या पोटाला झेपत नाही.”

“इश्श, एकानं काय होतंय!” आणि तिनं दिला. पिल्लानं तो कुडकुडवला, जीभ बाहेर काढली, दुसरा मागितला. बाई कौतुकानं सगळीकडे बघत होती. “बघा! काही झालं का?”

“नाही होणार,” मामा म्हणाला. त्याचा आवाज इतका सरळ होता की मी चमकून बघितलं. “आज नाही होणार काही. उद्याही नाही. रोज द्याल. लाड म्हणून द्याल. मग एक दिवस ती पुढचे पाय पसरून उभी राहील आणि तुम्ही हसाल. मग ती खाणं सोडेल. तेव्हा थांबू नका, बाई. त्या दिवशी तिनं काही खाल्लं नाही, तर तिला लगेच उचला आणि डॉक्टरकडे न्या. वाट बघू नका. कोणाचं ऐकू नका. ती मान फिरवेल, तेव्हा…”

“काय अभद्र बोलता हो तुम्ही!” बाईनं पिल्लाला छातीशी धरलं. “मालक! मालक, हे बघा तुमचा माणूस काय बोलतोय! माझ्या बाळाला शाप देतोय चक्क!”

मालक आले. त्यांनी बाईंची माफी मागितली, पुडीत मूठभर काजू जास्त घातले. ती गेल्यावर मामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “काका, तुम्ही काही दिवस मागे बसा. पुढे लोक येतात.”

मागच्या खोलीत तिखट मावशी आणि दोघी जणी खवट दाणे निवडत होत्या. मामाला ते काम जमणारं नव्हतं. त्याच्यापुढे पिस्त्याचं पोतं ओतलं. उघडलेले इकडे, न उघडलेले तिकडे. त्या कामाला डोळे पुरतात.

“बसा, भट्टीवाले,” तिखट मावशी म्हणाली आणि पाट सरकवून दिला.

मामा बसला. मी डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं घास घेतला, चावला. “काय आहे आज?” त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि जेवत राहिला.